अंड्यावरचं नाव

तू बूट घालूनच झोपलास.
मीही तसाच झोपायचो, पहिले अकरा दिवस,
पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळून,
जणू आकेतलं हे घर पहाटे कधीही सुटेल
आणि मी फलाटावरच राहीन.

सकाळी पोदेराचा भोंगा वाजला
तेव्हा तू ताडकन उठून भिंतीला पाठ लावलीस.
पोलीस नव्हेत रे.
पाववाला आहे.

नियम दाराच्या मागे लावलेत, तीन भाषांत,
तिन्हींत शुद्धलेखन चुकलंय.
दहानंतर दार बंद.
पिऊन आलास तर पास्कोल आत घेतो,
पण मग रात्रभर बोलत बसतो.
तेवढी शिक्षा पुरते.
महिन्याला तीनशे रुपये भाडं. पावती मिळते.
माझी पहिली पावती पँटीबरोबर धुतली गेली,
लगदा झाला, तरी फेकवली नाही.

सहा वाजता सिस्टर एर्मेलिंडा तेर्स म्हणते.
जायलाच हवं असं नाही.
मी विचारलं होतं, गुडघे टेकावे लागतील का.
ती तांबडी भाजी निवडत होती.
म्हणाली, हजेरीपट देवाकडे नाही, माझ्याकडे आहे,
आणि तो जेवणाचा.

गुरुवारी कायतान सर समोर बसवतात.
पाच वर्षांनी कुठे असशील, असं विचारतात.
मी म्हटलं, पाच वर्षांपूर्वी कदंबाच्या स्टँडवर होतो,
उसाच्या गाड्यामागे, पुठ्ठ्यावर.
त्यांनी ते लिहून घेतलं नाही.
पेनाला टोपण लावलं आणि चहा सांगितला.
बँकेच्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' आला
तेव्हा मी इथलाच घातला.
कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं : कायमचा?
सर म्हणाले, फॉर्मपुरता कायमचा.

आता फ्रिजचं सांगतो,
कारण काल रात्री तू तो दोनदा उघडलास.
मी जागा होतो.

प्रत्येकाला एक कप्पा, आठवड्याची चार अंडी,
वर पेन्सिलीने नाव.
पहिल्या महिन्यात मी इरप्पाची खाल्ली,
कच्ची, उभ्यानेच,
टरफलं खिडकीतून चिंचेखाली.
कोणी ओरडलं नाही.
इरप्पा कोरा पाव चावत साइटवर गेला.
मारलं असतं तर सोपं झालं असतं.

मग एका सोमवारी माझ्या नावाची चार.
आयुष्यभर मी पुरसो, नाहीतर नुसता 'ए',
आणि तिथे पुरुषोत्तम,
अंड्याला वळसा घालून गेलेलं,
शेवटचा म पहिल्या पुला जाऊन टेकलेला.
एवढं लांब नाव आपलं आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.
दोन दिवस खाल्ली नाहीत.
नुसता फ्रिज उघडून बघायचो.
तौसिफ म्हणाला, दार लाव, दूध नासेल.

सगळेच टिकतात असं नाही.
लॉयल गेला, बायण्याला की आणखी कुठे,
जाताना गॅसचा रेग्युलेटर घेऊन गेला.
सिस्टर शिव्या देत नाही म्हणून पास्कोलने दिल्या.
पण ती दर शनिवारी त्याच्या खाटेची चादर बदलत राहिली,
सात शनिवार.
तीच ही खाट.
तिच्यावर तू बूट घालून झोपलास.

माझी मुदत मार्चमध्ये संपते.
कुंकळ्ळीला एक खोली बघून ठेवलीय.
खिडकी नाही. फ्रिज नाही.
कडी आतून आहे.

पेन्सिल वरच्या ड्रॉवरात असते, टोक मी काढून ठेवलंय.
काल नाव सांगताना तू पुटपुटलास.
वेलांटी पहिली की दुसरी, तेवढं सांग.
अंड्यावर खोडरबर
नीट चालत नाही.